खुनी कोण ते गेमने सांगू नये

डिटेक्टिव्ह गेम म्हणून जे काही विकलं जातं ना, त्यातल्या बऱ्याच गेम्समधे डोकं गेमचंच चालतं आणि आपण नुसते सांगकामे. म्हणजे कसं, खोलीत शिरायचं, एक बटण दाबलं की पुरावे पिवळे चमकायला लागतात, मग जाऊन एकेक उचलायचा, सगळे उचलून झाले की आपला हिरो कपाळाला आठ्या घालून म्हणणार, अच्छा, म्हणजे खुनी खिडकीतून आला तर! अरे पण मला कुठे कळलं होतं, मी तर फक्त चालत होतो.

एल. ए. नॉयरचं नाव यात हटकून निघतं. 2011 चा गेम, 1947 चं लॉस एंजेलिस, आणि कलाकारांचे चेहरे 32 कॅमेरे लावून टिपलेले, त्यामुळे संशयित खोटं बोलताना नजर चुकवतो, आवंढा गिळतो ते दिसतं. आयडिया जबरदस्तच. पण पुराव्याच्या जवळ गेलं की हातातला कंट्रोलर थरथरतो, आणि चौकशीत तर त्याहून गंमत, आपण बिचारे 'शंका' हा पर्याय निवडतो, मनात एवढंच असतं की समोरच्या साक्षीदार बाईंना जरा आठवायला लावू, आणि आपला हिरो कोल फेल्प्स त्या बाईंवर अंगावर गेल्यासारखा खेकसतो. 2017 ला गेम परत काढला तेव्हा त्या पर्यायांची नावंच बदलली त्यांनी, गुड कॉप बॅड कॉप वगैरे केलं. गेम आवडतो मला, खोटं कशाला बोलू, पण त्यात मी डिटेक्टिव्ह नव्हतो.

त्यापेक्षा मग फ्रॉगवेअर्स नावाच्या युक्रेनच्या कंपनीने 2014 ला काढलेला शेरलॉक होम्सचा क्राइम्स अँड पनिशमेंट्स बरा. त्यात चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची पूर्ण मुभा आहे. तुम्ही चुकीचा माणूस धरलात तरी केस बंद होते आणि गेम निवांत पुढे जातो. मला हे फार आवडलं, कारण चुकायची सोयच नसेल तर बरोबर आल्याचं कौतुक काय.

पण खरं बोलायचंय ते रिटर्न ऑफ द ओब्रा डिनबद्दल. लुकास पोप नावाच्या माणसाने जवळपास एकट्याने केलेला, 2018 चा. दिसतो कसा, तर काळ्या न् पांढऱ्या ठिपक्यांचा, जुन्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरच्या स्क्रीनसारखा, आणि पहिल्यांदा बघितल्यावर वाटतं की हे काय खेळायचं, डोळे जातील. जहाज ईस्ट इंडिया कंपनीचं, 1802 ला लंडनहून निघालेलं, ते गायब झालं आणि 1807 ला इंग्लंडच्या फॅलमथ बंदरात आपोआप परत आलं, वर जिवंत माणूस एकही नाही. आपण कंपनीचे विमा इन्स्पेक्टर. 60 माणसं होती, प्रत्येकाचं नाव काय, काय झालं, मेला असेल तर कशाने आणि मारलं असेल तर कुणी, एवढं वहीत लिहायचं. बास.

हत्यार एकच, एक घड्याळ. प्रेताजवळ ते उघडलं की आधी अंधारात नुसते आवाज ऐकू येतात, कुणीतरी ओरडतं, दार फुटतं, आणि मग त्या मरणाचा तो एक क्षण गोठलेला दिसतो, त्यात आपण हिंडायचं. काही चमकत नाही, काही थरथरत नाही. गोळी उडालेली हवेत आहे, पण ती कुणाच्या बंदुकीतून आली ते रेघ मनात ओढून बघायचं, मागे कोपऱ्यात दारातून कोण डोकावतंय ते बघायचं, कुणाच्या अंगावर कुठला कोट आहे, कोण कुणाबरोबर जेवायला बसलंय.

एक उदाहरण देतो, ज्यांना स्वतः शोधायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा. खलाशी झोपतात त्या झोळ्यांना नंबरच्या चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. तुम्ही त्या झोळ्यांसमोरून खूप वेळा जाता येता, कारण मरणारा भलतीकडे असतो आणि लक्ष तिकडे असतं. मग कधीतरी ट्यूब पेटते की वहीतल्या यादीतही नावांपुढे नंबर आहेत! बरं एवढ्याने भागत नाही, झोळीत माणसाचं तोंड दिसत नाही, बाहेर लोंबकळणारा पाय दिसतो, मग तोच पाय, तेच बूट दुसऱ्या कुठल्यातरी प्रसंगात शोधत बसायचं. मी बुटांवरून माणूस ओळखला तेव्हा खुर्चीतून उठून घरभर एक फेरी मारली.

आणि अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. तीन माणसांचं सगळंच्या सगळं बरोबर आलं तरच गेम सांगतो की हे तिघं बरोबर. एकाचं चुकलं की गप्प. त्यामुळे तुक्का मारणाऱ्याला लवकर कंटाळा येतो. शेवटी शेवटी एखाद्यावर थोडा तुक्का मारावाच लागतो, ते सोडा.

आमचे काका जन्मभर विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर होते. ते एकदा मागे येऊन उभे राहिले.

"काय रे, हे कसले ठिपके?"

"काका, या जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं ते शोधायचंय."

"नॉमिनी लावलेत का त्यांनी?"

हसू नका, गेमच्या शेवटी खरंच हिशोब येतो, कुणाच्या वारसांना किती भरपाई मिळाली आणि ज्याने खून किंवा बंड केलं त्याच्या इस्टेटीला किती दंड बसला. काकांना ते दाखवलं तर म्हणाले, हां, हे बरोबर धरलंय. मग त्यांनी खलाशांची यादी वाचायला घेतली, त्यात मूळ देश इंडिया लिहिलेलेही खलाशी आहेत, सॉलोमन सय्यद असली नावं. आमच्या रत्नागिरीकडे 'बोटीवर आहे' म्हणणारं एखादं तरी घर गावात असायचं, त्यामुळे काकांना याचं आश्चर्य वाटलं नाही, मलाच वाटलं. आयरिश कोण आणि वेल्श कोण हे उच्चारांवरून ओळखायचं असतं तिथे मात्र आपण मराठी माणसं मार खातो.

यानंतर खेळायचा तर द केस ऑफ द गोल्डन आयडॉल, 2022, लॅटव्हियातल्या दोन भावांनी केलेला. अठरावं शतक, ओबडधोबड चित्रं, प्रत्येक चित्रात कुणीतरी नुकताच मेलेला नाहीतर मरतोय. खिशातल्या चिठ्ठ्या वाचून शब्द गोळा करायचे आणि मग गाळलेल्या जागा भरा. अक्षरशः. सोपा वाटतो, पण चौथ्या पाचव्या प्रकरणात एकाच घरातल्या माणसांची नावं जुळवताना कागद पेन घ्यावं लागतं.

हर स्टोरी 2015 चा, सॅम बार्लोचा, त्यात तर खेळण्यासारखं काही दिसतच नाही. एका बाईच्या 1994 सालच्या पोलीस चौकशीच्या क्लिपा, आणि एक सर्चचा चौकोन, त्यात आधीच 'मर्डर' टाइप केलेलं. मेख अशी की कितीही क्लिपा सापडल्या तरी पहिल्या पाचच बघता येतात, त्यामुळे सगळीकडे येणारा शब्द काही कामाचा नाही, ती बोलताबोलता सहज टाकून गेलेला एखादा आडवळणी शब्द पकडावा लागतो. कोण बरोबर कोण चूक ते गेम शेवटपर्यंत सांगत नाही, आणि माझं नि बायकोचं त्यावर अजून एकमत नाही.

2025 चा रूटट्रीज आर डेड पण याच जातीतला. काळ 1998, डायलअप इंटरनेटवर शोधून एका श्रीमंत मिठाईवाल्या घराण्याचा वंशवृक्ष लावायचा, कारण पैसा रक्ताच्याच नातेवाईकांना जाणार. इथेही तीन तीन करूनच पक्कं होतं. सातबाऱ्यावर वारस लावताना जेवढी भानगड होते तेवढी सगळी यात आहे, फक्त तलाठी नाही.

डिस्को इलिसियम हा डिटेक्टिव्ह गेम मी या यादीत मुद्दाम घेतला नाही. 2019 चा, एस्टोनियातल्या मंडळींचा, लिखाण भन्नाट, सुरुवातीलाच पंख्याला अडकलेला स्वतःचा टाय काढायला जाऊन माणूस हार्ट अटॅकने मरू शकतो असा दुसरा गेम दाखवा. पण त्यात खुनी आपण शोधत नाही, तो शेवटी सापडतो, त्यामुळे माझ्या हिशोबात तो इथे बसत नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल भांडायला या, फक्त आधी ओब्रा डिन संपवून या, आणि वॉकथ्रू, म्हणजे उत्तरं सांगणारं गाइड, न बघता.