वाखानच्या वटवट्याची तयारी: पाचवा महिना

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की आता डोळे बाजूला ठेवून कान तयार करायचे. महिनाभर तेवढंच केलं. रोज पहाटे हेडफोन लावून वटवट्यांची, म्हणजे झुडपांत वावरणाऱ्या, एकसारख्या दिसणाऱ्या छोट्या पक्ष्यांची ध्वनिमुद्रणं ऐकायची, नाव झाकून. काल वीसपैकी तेरा ओळखता आली. पहिल्या आठवड्यात जेमतेम सहा येत होती, त्यामुळे फार आनंद झालाय.

लक्ष्य तेच, लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलर, म्हणजे मोठ्या चोचीचा वटवट्या, त्याच्या विणीच्या जागी जाऊन ओळखायचा. पक्षी-अभ्यासक ए. ओ. ह्यूमनं १८६७ साली सतलजच्या खोऱ्यात रामपूरजवळ एक पक्षी मिळवला, आणि पुढची जवळजवळ १४० वर्षं अभ्यासकांच्या हाती त्या एकाच नमुन्याखेरीज काही नव्हतं. हा ब्लिथच्या वटवट्याचाच, म्हणजे याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीचा, एखादा वेगळा नग असावा, अशीही शंका होती. २००२ मध्ये डीएनए तपासणीनं ती मिटवली. २००६ मध्ये थायलंडमध्ये पक्षी-अभ्यासक फिलिप राउंड यांच्या जाळ्यात जिवंत पक्षी आला. पण हा वीण कुठे घालतो?

उत्तर आलं ते अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाच्या वाखानमधून. २००८ मध्ये रॉबर्ट टिमिन्स तिथे वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटीसाठी पक्ष्यांची पाहणी करत होते. झुडपात गाणारा पक्षी त्यांना ब्लिथचाच वाटला. त्यांनी गाणं मुद्रित करून ठेवलं. ते वटवट्यांचे जाणकार लार्स स्वेनसन यांनी ऐकलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हे काहीतरी निराळं आहे. पुढच्या वर्षी जाळी लावून जवळपास वीस पक्षी पकडले, तपासले, सोडले. ते मुद्रण झालं नसतं तर यादीत ‘ब्लिथचा वटवट्या’ एवढीच नोंद राहिली असती! म्हणून सांगतो, पुन्हा कधी जायला मिळेल याची खात्री नसलेल्या भागात ओळख पटली असं वाटलं तरी आवाज टिपून ठेवा.

माझी सध्याची कसोटी साधी आहे. ब्लिथचा एकच तुकडा सावकाश घोळवतो, मध्ये ‘चक् चक्’ करतो. तसं नसेल तर थांबायचं, पुन्हा ऐकायचं. चोचीच्या लांबीवर मात्र माझा भरवसा उरलेला नाही. फोटोत मान जरा वळली की कुठलीही चोच लांब दिसते.

जायचा विचार ताजिकिस्तानच्या बाजूनं आहे. दोन्ही देशांच्या सीमेवरच्या पंज नदीच्या अल्याड तेच खोरं, तशीच विलो आणि सी-बकथॉर्नची झुडपं, आणि हा पक्षी ताजिकिस्तानातही वीण घालतो. गोर्नो-बदख्शानचा, म्हणजे ताजिकिस्तानच्या त्या प्रांताचा, वेगळा परवाना लागतो. खरी अडचण पुढेच आहे. या सीमेवर काही ठिकाणी भूसुरुंग पेरलेले आहेत, म्हणजे नदीकाठच्या ज्या झुडपात शिरावंसं वाटेल तिथेच पाऊल टाकायचं नाही. रुळलेली वाट सोडायची नाही, स्थानिक वाटाड्याला विचारल्याशिवाय थांबायचंही नाही. दुर्बीण पलीकडच्या काठावर रोखली तर सीमेवरच्या पहारेकऱ्यांना काय वाटेल, हेही ध्यानात ठेवायला हवं. अशा जागी कान हेच साधन उरतं. मुद्रण वाजवून पक्ष्याला बाहेर बोलवायचं नाही, हे मी आधीच ठरवलंय. विणीच्या दिवसांत त्याला उगाच दमवायचं नाही.

पुढच्या महिन्यात साइक्सचा वटवट्या, ही आणखी एक जात, सरावात घेतोय. चुकलेल्या सातपैकी चार वेळा त्यानंच फसवलं.