चौथी आलेली श्टेपान्का

गेल्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि अर्ध्या तासात अण्णांचा फोन, "मारुतीला कुठवर आलंय बघून सांग गं." नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो आणि तिचा पूर क्युसेकमध्ये नाही मोजत, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. २०१६च्या ऑगस्टमध्ये मारुती दिसेनासाच झाला होता, त्या दिवशी अण्णांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून बघायचं काम माझ्याकडे. गाडगे महाराज पुलावर गर्दी होतीच, पाणी कमरेच्या जरा खाली होतं, फोन करून सांगितलं आणि मग बराच वेळ तिथेच उभी राहिले, पुलाच्या खांबामागचं पाणी बघत.

ही सवय अण्णांनीच लावलेली. मी सहासात वर्षांची असेन, आम्ही काठावरून पानाचा द्रोण सोडायचो आणि तो कुठे जातो ते बघत बसायचो. मधल्या धारेत सापडला तर गेलाच, पण खांबाच्या मागे शिरला की थांबायचा, गोल फिरायचा आणि चक्क उलटा, वरच्या बाजूला यायला लागायचा. अण्णा म्हणायचे बघ, एवढी मोठी गंगा खाली चाललीय आणि इथे हातभर पाणी परत घरी यायला बघतंय.

त्या हातभर उलट्या पाण्यावर एक अख्खा ऑलिम्पिकचा खेळ उभा आहे हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

कसं कळलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही कोलाडला गेलो होतो, कुंडलिकेत राफ्टिंगला. तिथे सकाळी धरणातून पाणी सोडतात, तेवढ्या वेळात सगळं उरकायचं. राफ्टमध्ये मजा आलीच पण माझं लक्ष होतं ते सोबत चाललेल्या लहान होडीतल्या मुलाकडे, सेफ्टी कयाकवाला म्हणतात त्याला. एकटा, हातात दोन्ही बाजूंनी पाती असलेलं वल्हं, आणि कुठल्याही दगडामागे टुणकन शिरून आमची वाट बघत आरामात बसलेला. खळाळत्या पाण्यात बसलेला! मला तेच शिकायचं होतं. परत आल्यावर एका ठिकाणी चौकशीला गेले, कुठलं ते सांगत नाही, तिथल्या माणसाने आधी विचारलं काकू मुलासाठी का मुलीसाठी, मी म्हटलं माझ्यासाठी, तर तो शेजारच्याकडे बघून हसला आणि म्हणाला चाळिशीच्या पुढे आम्ही घेत नाही, उगाच काही झालं तर कोण निस्तरणार. पोहता येतं, रोज पोहते, हे सांगायची वेळच आली नाही. घरी येताना डोळ्यात पाणी होतं आणि ते वाऱ्याने आलेलं नव्हतं.

त्या रात्री फोनवर शोधत बसले, कयाकिंग आणि चव्वेचाळीस वर्षं, असंच काहीतरी टाकलं. आणि नाव आलं श्टेपान्का हिल्गर्टोवा. (नवरा हिल्गर्ट, बायको हिल्गर्टोवा, चेक लोकांत बाईच्या आडनावाला ओवा लागतं.)

जन्म १९६८, प्राग. खेळ कनू स्लालम, त्यातला के-वन प्रकार, म्हणजे बसून चालवायची एकटीची कयाक. खळाळत्या पाण्यावर तारेला टांगलेल्या काठ्यांच्या जोड्या असतात, त्यांना गेट म्हणतात, १८ ते २५ गेट, हिरवी असली तर प्रवाहाबरोबर जाताना पार करायची, लाल असली तर खालून वर, प्रवाहाच्या विरुद्ध. काठीला नुसता स्पर्श झाला तरी वेळेत २ सेकंद वाढतात, गेट चुकलं तर ५०, म्हणजे संपलंच. सगळी रन हल्ली साधारण दीड-पावणेदोन मिनिटांची. आणि ती लाल गेटं कुठे टांगलेली असतात माहितीय? बहुतेक वेळा खांबामागे, दगडामागे, जिथे अण्णांचा द्रोण थांबायचा तिथेच. धारेतून सुसाट येऊन त्या हातभर उलट्या पाण्यात नाक घालायचं, तेच पाणी होडी फिरवून देतं, आणि परत धारेत. ताकद लागतेच पण पाणी आधी वाचावं लागतं, आणि ते रोज वेगळं असतं. मी पहिल्यांदा तिचा व्हिडिओ बघितला तेव्हा खरंच ओरडले, अरे हा तर आपला खांब.

श्टेपान्का अठराव्या वर्षी आई झाली. मुलाचं नाव लुबोश, बापाचंच नाव. बापही स्लालमवाला, १९९२च्या ऑलिम्पिकला नवराबायको दोघंही होते. आपल्याकडे अठराव्या वर्षी मूल झालेल्या मुलीचं पुढे काय होतं ते मला माहितीय, माझ्याबरोबर दहावीत असलेल्या दोघींचं झालं, त्यातली एक कबड्डीत जिल्ह्यापर्यंत गेली होती, नंतर तिला मैदानावर कोणी बघितलं नाही. श्टेपान्काची खरी कारकीर्द मूल झाल्यानंतरची आहे. तिच्या देशात होड्यांचं वेडच आहे असं दिसतं, सुट्टीत घरंच्या घरं नदीवर जातात, वाटेत दुसरी होडी दिसली की अहोय म्हणून हाक मारतात, आणि प्रागमध्येच व्लतावा नदीवर त्रोया नावाचा स्लालमचा ट्रॅक आहे, शहरात! आपण गंगेवर गेलो तर दर्शन आणि भाजीबाजार, तिथे पोरंसोरं हेल्मेट घालून गेट मारतायत. हे वाचून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

१९९२ला स्पेनमध्ये तिला काही मिळालं नाही. १९९६, अटलांटा. स्पर्धा अटलांटात नव्हती, टेनेसीतल्या ओकोई नदीवर होती आणि त्या नदीची गोष्ट ऐकून नाशिककराला आपलीच वाटेल, तिथलं पाणी विजेसाठी बोगद्यातून वळवलेलं, एरवी पात्र कोरडं, ऑलिम्पिकसाठी म्हणून धरणातून पाणी सोडलेलं. त्या वेळी दोन रनमधली चांगली धरायचे. श्टेपान्काची १६९.४९ सेकंद. आणि डॅना क्लाडेक म्हणून अमेरिकेची एक होती, तिची पण १६९.४९! शंभरावा हिस्सासुद्धा इकडेतिकडे नाही. मग नियम असा की दोघींची उरलेली, म्हणजे न धरलेली रन बघायची. डॅनाची पहिली रन फिसकटली होती, त्यामुळे गोल्ड श्टेपान्काला आणि सिल्व्हर डॅनाला. आणि ही डॅना मूळची चेकोस्लोवाकियात जन्मलेली, लहानपणी घरच्यांबरोबर देश सोडून अमेरिकेत गेलेली. एका देशात जन्मलेल्या दोघी, तिसऱ्याच कुठल्या डोंगरातल्या नदीत, एकाच वेळेला खाली पोचल्या. मला हे वाचून कितीतरी वेळ दुसरं काही सुचत नव्हतं. जिंकण्याहारण्याचा निकाल अशा रनवर लागला जी दोघींनाही विसरायची असणार.

१९९९ला वर्ल्ड चॅम्पियन. २०००ला सिडनीत परत गोल्ड, तिथे नदी नव्हतीच, पंपाने पाणी वर चढवून केलेला ट्रॅक, आणि या वेळी दोन्ही रनची बेरीज, म्हणजे एकही फिसकटून चालणार नव्हती. २००३ला परत वर्ल्ड चॅम्पियन, पस्तीस वर्षांची होती. बहुतेक ठिकाणी तिची गोष्ट इथे संपवतात, दोन ऑलिम्पिक गोल्ड, दोन वर्ल्ड, महान खेळाडू, धन्यवाद.

मला त्याच्या पुढचं सांगायचंय.

२००५च्या सुमाराला होडीचा नियम बदलला, आधी किमान लांबी ४ मीटर होती ती साडेतीन मीटर झाली. अर्धा मीटर ऐकायला काही नाही, पण होडी आखूड झाली की वळते वेगळी, बुडते वेगळी, मागचं टोक पाण्यात दाबून गर्रकन फिरायची ट्रिक एकदम बदलते. नवीन पोरी त्या आखूड होडीतच मोठ्या झाल्या. हिने वीसेक वर्षं अंगात मुरलेलं सगळं उकरून परत बसवलं. माझी आई शिवणकाम करायची, तिचं पायाचं मशीन जाऊन मोटरचं आलं तेव्हा दोन महिने तिच्या टाक्यांचा वेग बघवत नव्हता, बोटांना जुनंच माहीत. म्हणून मला या अर्ध्या मीटरचं फार मोल वाटतं.

२००४ अथेन्स, २००८ बीजिंग, मेडल नाही. आणि मग २०१२ लंडन. तिच्या प्रकारात एका देशाची एकच होडी घेत होते, म्हणजे लंडनला जायचं तर आधी घरच्या सगळ्या तरुण पोरींना मागे टाकायला लागणार, तेही चेक देशात जिथे या खेळात गर्दी आहे. वय ४४. सहावं ऑलिम्पिक. तोवर लुबोशसुद्धा स्लालममध्ये मोठ्या स्पर्धा खेळत होता. सेमीफायनलला पंधरा, फायनलला दहा, ती दहात. एमिली फेर गोल्ड, फ्रान्सची. ब्राँझ स्पेनच्या मायालेन चोराउतला. पहिल्या तिघींत मिळून एक सेकंदाचं पण अंतर नाही, १०५.९० ते १०६.८७. आणि मधली, सिल्व्हरवाली, ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स, वय अठरा. आता ऐका, १९९६ला श्टेपान्का आणि डॅनाच्या मागे ब्राँझ कोणाला मिळालं होतं? फ्रान्सच्या मिरियाम फॉक्स-जेरुसाल्मीला. जेसिका तिची मुलगी. अटलांटाच्या वेळी दोन वर्षांची होती. श्टेपान्का आईबरोबर खेळली आणि सोळा वर्षांनी लेकीबरोबर त्याच फायनलला उतरली, आणि चौथी आली.

चौथी. मेडल नाही, पोडियम नाही. मी तो निकाल बघून जी बसले ती उठलेच नाही, मुलगा म्हणाला आई पोळ्या करपतायत. माझ्यासाठी तिची दोन्ही गोल्ड एका बाजूला आणि हा चौथा नंबर एका बाजूला. कोणाला पटणार नाही, माझ्या नवऱ्याला पण पटलेलं नाही, तो म्हणतो मेडल ते मेडल. असू दे. गोल्ड घेऊन घरी बसायला सगळ्यांनी परवानगी दिली असती, चव्वेचाळिसाव्या वर्षी हेल्मेट घालून त्या स्टार्टला बसायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्या जिल्ह्याला वल्ह्याचं नावीन्य नाही हे पण इथेच लिहिते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, दुष्काळी गाव, विहिरी खणलेला मुलगा, २०१६ला रिओत रोइंगमध्ये तेरावा आला, २०१८ला एशियन गेम्सचं गोल्ड टीममध्ये. पण ते संथ पाणी, सरळ रेषा. स्लालम करायचं तर नाशिकच्या पोरांना कुठे? महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेत होतं, २०२३ला खेलो इंडियाचं तिथे झालं. आपल्याकडे सोमेश्वरच्या धबधब्याखाली पावसाळ्यात कसलं पाणी असतं, खडकांमागे किती जागा असतात थांबायला, पण तिथे आपण कणीस खातो आणि फोटो काढतो. मी जाणकार नाही, तिथे करता येईल का, सेफ आहे का, ते माहीतगारांनी बघावं. पण कोणीतरी बघावं एवढं मात्र मनापासून वाटतं.

पुलावरून त्या दिवशी घरी न जाता अण्णांकडे गेले. त्यांना टॅबवर लंडनची फायनल लावून दिली. ते होडी बघतच नव्हते, पाणी बघत होते, मधेच बोट ठेवून म्हणाले इथे थांबेल बघ, आणि होडी तिथेच फिरली. दुसऱ्यांदा पण बरोबर. मग मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, अटलांटा, धरणाचं पाणी, १६९.४९ आणि १६९.४९. श्टेपान्काचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं,

"आणि ती दुसरी गं? तिचं पुढे काय झालं?"

म्हटलं अण्णा, तिला आधीच्या ऑलिम्पिकला पण ब्राँझ होतं, १९९२ला, श्टेपान्काला काहीच नव्हतं तेव्हा.

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि टॅब माझ्याकडे सरकवला. "त्या दोघींची लाव आता."