प्रश्न पडद्यावर कुणी विचारला का?

(पुढे ‘बाहुबली’, ‘दृश्यम’, ‘तुंबाड’ आणि ‘ब्लेड रनर’ची रहस्यं बिनदिक्कत फोडली आहेत. यातलं काही बघायचं राहिलं असेल तर आधी बघून या.)

कटप्पानं बाहुबलीला का मारलं, हा प्रश्न १० जुलै २०१५पासून २८ एप्रिल २०१७पर्यंत सगळा देश चघळत होता. अस्लम खानचं पुढं काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. आठवतोय ना? पहिल्या भागात कन्नड नट सुदीप तलवारींचा व्यापारी होऊन येतो, कटप्पाशी दोन हात करतो, त्याच्यावर खूश होतो, मैत्रीचा शब्द देतो आणि निघून जातो. दुसऱ्या भागात त्याचा पत्ताच नाही. एवढा मोठा नट केवळ एका प्रसंगापुरता कोण आणतं? काहीतरी बेत असणार. तो बेत पटकथेतून कधी गळाला, ते पडद्यावर दिसत नाही.

दोन्ही प्रश्न पहिल्या भागानंतर अनुत्तरितच होते, पण त्यांची जात वेगळी. ती ओळखायला एक चाचणी पुरते. हा प्रश्न सिनेमातल्या कुणाला पडलाय का? बाहुबलीचा घात कुणी केला, हे पडद्यावरची माणसं कटप्पाला विचारतात, तो ‘मीच’ म्हणतो आणि तिथंच अंधार होतो. म्हणजे प्रश्न जाणूनबुजून राखून ठेवलाय. अस्लम खानची आठवण मात्र दुसऱ्या भागात कुणालाच येत नाही. कटप्पाला नाही, बाहुबलीच्या मुलाला, महेंद्रला नाही, राज्यावर संकट कोसळलेलं असतानाही नाही. हा विसरलेला धागा. राखलेल्या प्रश्नाचा हिशेब पुढच्या भागाकडं मागायचा. विसरलेल्यावर सिद्धान्त रचत बसण्यात अर्थ नाही, कारण पलीकडं कुणी उत्तर घेऊन बसलेलंच नाही.

गंमत म्हणजे कटप्पाचं अर्धं उत्तर त्या अस्लम खानच्याच प्रसंगात आहे. तो कटप्पाला गुलामीतून सोडवायला निघतो. कटप्पा नाही म्हणतो, पूर्वजांनी सिंहासनाला दिलेला शब्द आपल्याला बांधतो असं सांगतो. आता असा माणूस आपल्या लाडक्या राजपुत्राला मारतो तर एकाच कारणानं मारणार: हुकूम आला म्हणून. पावणेदोन वर्षं लोक कटप्पाच्या मनात काय होतं ते शोधत राहिले आणि खरा प्रश्न होता राजमाता शिवगामीचा. जिनं ज्याला राजा म्हणून निवडलं, तिनंच त्याला मारायला सांगितलं, हे कसं घडलं? दुसऱ्या भागाचा मधला सगळा ऐवज, देवसेनेवरून पेटलेला वाद, भल्लाळदेव आणि बिज्जलदेवाची कारस्थानं, या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी खर्ची पडतो. म्हणून उत्तर कळल्यावरही तो भाग पुन्हा बघता येतो. नुसतं ‘कोण’ किंवा ‘का’ दडवलेला सिनेमा दुसऱ्यांदा बघताना फिका पडतो. ‘कसं’ दडवलेला टिकतो.

तिसरी जात मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या प्रश्नांची. ‘ब्लेड रनर’ (१९८२) मध्ये नायक डेकर्ड माणूस की कृत्रिम मानव? चाचणी लावून बघा: रेचल त्याला तोंडावर विचारते, कृत्रिम मानव ओळखायची ही परीक्षा तू स्वतः कधी दिलीस का? उत्तर येत नाही. १९९२च्या आवृत्तीत त्याच्या स्वप्नातला एकशिंगी घोडा आला, त्यामुळं शेवटी सापडणाऱ्या कागदी घोड्याला भलताच अर्थ मिळाला आणि पारडं ‘कृत्रिम मानव’कडं झुकलं. दिग्दर्शक रिडली स्कॉट उघडपणे तीच बाजू घेतात, हॅरिसन फोर्डनं वर्षानुवर्षं दुसरी लावून धरली. मग २०१७ साली सीक्वेल करणाऱ्या डेनी व्हिलनव्हनं काय केलं? काहीच नाही. म्हाताऱ्या डेकर्डसमोर एक पात्र तो प्रश्न पुन्हा खेळवतं आणि सिनेमा पुढं सरकतो. पस्तीस वर्षं जुनं कोडं न सोडवण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं असतं तर आधीच्या सिनेमाचा अर्धा प्रेक्षकवर्ग मागच्या तारखेनं चुकीचा ठरला असता.

आता सीक्वेल. ‘दृश्यम’इतका अभ्यासाला सोयीचा नमुना आपल्याकडं नाही. मूळ मल्याळम सिनेमा जीतू जोसेफचा, २०१३चा. हिंदी आवृत्ती २०१५ची, निशिकांत कामत यांची. त्यांनी तो गोव्यात रुजवला: विजय साळगावकर, केबलचा धंदा, पणजीतला सत्संग, पावभाजी. (दरवर्षी दोन ऑक्टोबरला गांधीजींच्या बरोबरीनं या सत्संगाचीही आठवण निघते, यातच सगळं आलं.) थोरल्या मुलीच्या हातून झालेला खून लपवायची विजयची युक्ती नीट बघा. तो पुरावे खोटे बनवत नाही. नंतर कुटुंबाला घेऊन खरंच पणजीला जातो, खऱ्या बसमध्ये बसतो, खऱ्या हॉटेलात राहतो, खरा सिनेमा बघतो. खोटी असते ती फक्त तारीख. माणसाला प्रसंग आठवतो, वार आठवत नाही. मग नंतर त्याच लोकांना सहज गप्पांत ‘दोन तारखेला’ असं ऐकवलं की साक्षीदार आपोआप तयार.

असा घट्ट बांधलेला सिनेमा पुढं न्यायचा कसा? शेवटी प्रेक्षकाला सगळं कळलेलं आहे. प्रेत नव्या पोलिस ठाण्याखाली आहे, अर्धवट बांधकामातून फावडं घेऊन बाहेर पडणारा विजय आपण पाहिलाय. ‘दृश्यम २’नं (मल्याळम २०२१, हिंदी २०२२) नेमकी तीच रात्र उचलली आणि कॅमेरा दुसरीकडं ठेवला. त्याच वेळी पोलिसांपासून पळणारा एक माणूस तिथं लपलेला आहे आणि त्यानं विजयला पाहिलंय. पहिल्या भागातला एकही शब्द खोडावा लागत नाही. जुन्या क्षणात नवा डोळा घालणं हा सीक्वेलचा सगळ्यांत प्रामाणिक दरवाजा. याउलट ‘तुम्ही पाहिलंत ते तसं नव्हतंच’ म्हणणारे सीक्वेल आधीच्या तिकिटाचे पैसे बुडवतात.

दुसरी गोष्ट, मधली सात वर्षं खरंच गेलेली दिसतात. थोरली मुलगी अजून भीतीतून बाहेर आलेली नाही. विजयकडं पैसा आलाय, थिएटर आलंय. ज्या गावानं तेव्हा त्याची पाठराखण केली तेच गाव आता पाठीमागं कुजबुजतंय. गुन्हा पचला, पण त्याची किंमत चुकती व्हायची होती. सीक्वेलला कथानक इथूनच मिळतं, नवा खलनायक आणून नाही.

खटकतं ते शेवटाकडं. सांगाड्याच्या जागी दुसरा सांगाडा ठेवला, म्हणून डीएनए जुळला नाही, हे ऐकायला झकास. पण सगळी मदार एका गोष्टीवर: उकरलेले अवशेष रात्रभर अशा जागी राहायला हवेत, जिथल्या रखवालदाराशी विजयनं आधीच दोस्ती केलेली आहे. पोलिसांनी ते त्याच दिवशी थेट दुसरीकडं हलवले असते तर? पहिल्या भागात विजयची योजना माणसांच्या सवयीवर चालत होती, इथं ती खात्याच्या वेळापत्रकावर चालते. तरी पटकथा लेखकाशी केलेली मैत्री आणि आधीच नोंदवून ठेवलेली कथा यांची पेरणी इतकी निवांत आहे की थिएटरात ही फट जाणवत नाही. घरी आल्यावर जाणवते. एवढं माफ.

मराठीत हाच पेच ‘मुंबई-पुणे-मुंबई’पुढं होता. २०१०चा पहिला भाग म्हणजे एक दिवस, एक शहर, दोन माणसं. त्याची ताकद त्या टंचाईत होती. २०१५ आणि २०१८च्या भागांत लग्न आणि मूल आलं, म्हणजे परिणामांचा धागा अगदी बरोबर पकडला. पण सोबत दोन्हीकडचं गणगोत आलं आणि स्वप्नील जोशी-मुक्ता बर्वे यांची जुगलबंदी गर्दीत विभागली गेली. सीक्वेलला बजेट वाढवून मिळतं तेव्हा पहिल्या भागातली कुठली अडचण कामाची होती, हे आधी लिहून काढावं.

ट्रेलरकडं वळू. ट्रेलर बहुतेकदा दिग्दर्शक कापत नाही. ते काम वेगळ्या एडिटरचं किंवा संस्थेचं असतं, आणि ते सुरू होतं तेव्हा सिनेमाच पक्का झालेला नसतो. म्हणून ट्रेलरमधले शॉट सिनेमात सापडत नाहीत, पार्श्वसंगीत वेगळं असतं, व्हीएफएक्स कच्चं दिसतं. यात लबाडी असतेच असं नाही. कधी कधी मात्र असते, आणि ती मला आवडते. ‘इन्फिनिटी वॉर’च्या (२०१८) ट्रेलरमध्ये वकांडात सगळ्यांसोबत हल्क धावताना दिसला. सिनेमात सुरुवातीच्या मारामारीनंतर हल्क बाहेर यायलाच नकार देतो. तो शॉट फक्त आपल्याला फसवायला बनवला होता. ‘नो वे होम’च्या (२०२१) ट्रेलरमधून तर दोन स्पायडरमॅन पुसून टाकले. त्याच्या ब्राझीलमधल्या आवृत्तीत एका फ्रेममध्ये लिझर्ड या खलनायकाच्या थोबाडावर कुणीच नसताना फटका बसतो, आणि तेवढ्यावरून जगभरच्या चाहत्यांनी गुपित ओळखलं. पुसायचं तर फटकाही पुसायला हवा होता!

उलट टोक ‘टर्मिनेटर जेनेसिस’चं (२०१५). माणसांचा तारणहार जॉन कॉनरच आता शत्रू झालाय, ही सिनेमातली सगळ्यांत मोठी कलाटणी ट्रेलरनंच सांगून टाकली. दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर यांनी त्यावर नाराजीही बोलून दाखवली होती.

चांगला ट्रेलर घटना दाखवतो आणि अर्थ दडवतो. हिंदी ‘दृश्यम २’च्या टीझरमध्ये विजय कॅमेऱ्यासमोर कबुलीजबाब द्यायला बसलेला दिसतो. म्हणजे हरला! सिनेमात तो प्रसंग जसाच्या तसा आहे, फक्त हरण्याचा अर्थ तोवर पार उलटलेला असतो. खोटं एक अक्षर नाही, फुटलं काहीच नाही.

ट्रेलरवरून कथा ताडायचा नाद असेल तर आधी बोलणाऱ्याचे ओठ बघा. वाक्य ऐकू येतंय पण चेहरा ऐकणाऱ्याचा दिसतोय, तर ते वाक्य दुसऱ्याच प्रसंगातलं, दुसऱ्याच माणसाला उद्देशून असू शकतं. दाढी, जखमा आणि कपडे जुळवून शॉट क्रमानं लावा, त्यातून निम्मं कथानक सुटतं. कपाळावर खोक पडलेला नायक जिथं जिथं दिसेल ते सगळं खोक पडल्यानंतरचं, एवढं तर्कशास्त्र पुरतं. ज्याला काही फुटू द्यायचं नाही त्यानं ट्रेलर निम्म्यावर बंद करावा. ओळख आणि पेच पहिल्या अर्ध्यात येतात. शीर्षकाआधी जी धावती तुकडेजोड असते तिच्यात शेवटच्या अर्ध्या तासाचा माल भरलेला असतो, कारण खर्च तिथंच झालेला असतो.

राहता राहिला ‘तुंबाड’. २०१८ साली राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा आला तेव्हा थिएटरात फार टिकला नाही, सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला, आणि त्याच वेळी दुसऱ्या भागाची घोषणा झाली. मला धाकधूक आहे ती नियमांची. हस्तर या लोभी देवाला सोनं मिळालं, अन्न मिळालं नाही. म्हणून कणकेची बाहुली त्याला खेचून आणते, पिठाचं रिंगण त्याला अडवतं, आणि तो खात असेल तेवढ्या वेळात लंगोटीतून मुद्रा काढायच्या. शेवटी अनेक बाहुल्या आणल्या म्हणून अनेक हस्तर येतात, तेव्हा काहींना ते ऐनवेळी जोडल्यासारखं वाटलं. तसं नाही. सावकार राघव हातात बाहुली घेऊन खाली उतरतो आणि रिंगण नसल्यानं फसतो, तिथंच ‘बाहुली आली की तो येतो’ हा नियम पक्का झालाय. एक बाहुली, एक हस्तर. पुढचा गुणाकार नायकाच्या पोरानं, पांडुरंगानं केला.

१९४७ साली तो पोरगा बापानं पुढं केलेली लंगोटी नाकारतो आणि बापाला पेटवून देतो. लोभाचा हिशेब तिथं मिटलाय. दुसरा भाग जर त्याच पांडुरंगाला पुन्हा वाड्यात उतरवणार असेल, तर त्यानं तो नकार का मोडला हे आधी पटवावं लागेल, आणि ‘पुन्हा लोभ सुटला’ एवढ्यानं भागणार नाही, कारण त्यानं लोभाचा शेवट डोळ्यांनी पाहिलाय. दुसरी वाट जास्त सरळ आहे. सिनेमातल्या पुराणकथेत देवीनं हस्तरला वाचवलं ते एका अटीवर: त्याची पूजा कधी होणार नाही. ती अट या घराण्याच्या पूर्वजांनी मोडली. पहिल्यांदा कुणी, आणि कशासाठी, हे पडद्यावर कुणी विचारलेलंही नाही, तरी तो धागा विसरलेला वाटत नाही, कारण अख्खा शाप त्यालाच लटकलेला आहे. माझ्या चाचणीला हा एवढा एक अपवाद सापडलाय, आणि दुसरा भाग तिथं गेला तर मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला रांगेत आहे.