त्या पोरसवद्या एन्साइनांचं मला काय पडलंय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि एकदाच लिहितोय. यापुढे कुणी लग्नाच्या पंगतीत हटकलं तर याच्याकडे बोट दाखवून मी जिलबी खायला मोकळा. प्रश्न ठरलेला असतो: "अहो, आपला केवढा इतिहास पडलाय, मोडी कागदांना वाचणारी माणसं मिळत नाहीत, आणि तुम्ही ब्रिटिश पलटणीतल्या सगळ्यात खालच्या अधिकाऱ्याच्या, त्या एन्साइनच्या, मागे का लागलाय?" यात दडलेला दुसरा प्रश्नही मला ऐकू येतो. इंग्रजांचं एवढं कौतुक कशाला?

कौतुक असतं तर वेलिंग्टनवर, नेपोलियनला हरवणाऱ्या त्या सेनापतीवर, लिहिलं असतं. तोही 1787 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, एन्साइन म्हणूनच सैन्यात शिरला आणि सोळा वर्षांनी जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा ठाकला. पण वर चढून गेलेल्यांवर लिहिणारे भरपूर आहेत. मला त्या पायरीत रस आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपी पायदळात पलटणीच्या प्रत्येक तुकडीला, म्हणजे कंपनीला, साधारण तीन अधिकारी असत: कप्तान, त्याचा लेफ्टनंट आणि झेंडा धरणारा. जर्मन भाडोत्री सैनिकांत तो फेनरिश, स्पेनमध्ये अल्फेरेस, इंग्रज पायदळात एन्साइन, घोडदळात कॉर्नेट. बंदुकीच्या दारूच्या धुरात हाताचं बोट दिसत नसे. आपली माणसं कुठे आहेत ते झेंड्यावरूनच कळायचं. तेव्हा हे काम दणकट, मुरलेल्या गड्याचं होतं. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजांनी दर कंपनीचा झेंडा बंद करून पलटणीला दोनच ठेवले, एक राजाचा आणि एक रेजिमेंटचा. झेंडे गेले, पण प्रत्येक कंपनीतलं एन्साइन हे पद राहिलं आणि ते खानदानी घरातल्या पोरांसाठी सैन्याचं प्रवेशद्वार झालं. उरलेले दोन झेंडे कुणी धरायचे? सगळ्यात नव्या, सगळ्यात लहान एन्साइनांनी. म्हणजे शत्रू ज्याच्यावर हमखास नेम धरणार, ती जागा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दिलेली. हे कुणी बसून ठरवलं नाही, होत गेलं. माझं डोकं तिथेच अडकतं.

पूर्वी अडकत नव्हतं. तरुणपणी मी एका दिवाळी अंकात याच विषयावर लिहिलं होतं आणि त्यात या पोरांची मनसोक्त खिल्ली उडवली होती. 1821 च्या सरकारी दरपत्रकाप्रमाणे साध्या पायदळात एन्साइनचं पद 450 पौंडांना मिळे, राजाच्या फूट गार्ड्समध्ये 1,200 ला. पगार दिवसाला सव्वापाच शिलिंग, म्हणजे सुमारे पावणेपाच वर्षांचा पगार आधी मोजायचा आणि मग नोकरीला लागायचं. विकत घेतलेली जागा, विकत घेतलेलं मरण, रडायचं कशाला, असा त्या लेखाचा सूर होता. तो लेख मी मागे घेतलेला नाही. आज एवढंच जोडेन की नेपोलियनशी लढाई जुंपली तेव्हा एवढे अधिकारी लागत होते की बहुतेक एन्साइन पैसे न भरता, नुसत्या शिफारसपत्रावर आले. पाद्र्यांची, कर्जबाजारी कप्तानांची, विधवांची पोरं. तरुणपणीचा मी यावर म्हणतो, "शिफारसपत्र तरी कुणाला मिळत होतं? गवंड्याच्या पोराला?" बरोबर आहे. त्याला अजून मला उत्तर देता आलेलं नाही.

आणि तुमचा राग मला समजत नाही असंही नाही. इथल्या ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या फौजेत पद विकत मिळत नसे, तिथे वशिला लागे. पण नियम असा होता की डोक्याचे केस पिकलेला हिंदी सुभेदार हा कालच बोटीतून उतरलेल्या गोऱ्या एन्साइनच्या खाली. त्याने त्या पोराला सलाम ठोकायचा. हे मला कुणी सांगायला नको.

तरी सांगितलंच. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात वाचनालयाची व्याख्यानमाला होती. पायदळातून निवृत्त झालेली मंडळी पहिल्या दोन रांगांत, पाठी ताठ. मी अल्बुएराची लढाई सांगत होतो: स्पेन, बादाहोसच्या जवळ, 16 मे 1811. कोलबोर्नची इंग्रज ब्रिगेड रांग धरून फ्रेंचांच्या कुशीवर गोळीबार करत पुढे सरकते आहे. तेवढ्यात गारांसकट पाऊस कोसळतो. बंदुकांची दारू भिजते, समोरचं दिसेनासं होतं आणि त्या पडद्याआडून फ्रेंचांकडचे घोड्यावरचे पोलिश भालाईत आणि हुसार म्हणजे हलके फ्रेंच घोडेस्वार बाजूने येऊन रांगेत घुसतात. घोडदळ रोखायला चौकोन बांधावा तर वेळच मिळत नाही. सर्वांत कडेला होती बफ्स नावाची पलटण. साडेसातशेच्या आसपास माणसांतली सहाशेहून जास्त त्या दिवशी मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली.

तिचे दोन झेंडे दोन एन्साइनांकडे. झेंडा म्हणजे सहा फुटांच्या वरचं चौकोनी रेशमी कापड आणि जवळपास दहा फुटी काठी. ती काठी खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्याच्या खोबणीत रोवायची. कोरड्या हवेत वारा सुटला तरी धरणारा भेलकांडतो. इथे रेशीम चिंब भिजलेलं. एडवर्ड थॉमस, वय सोळाच्या आतबाहेर. त्याचा कप्तान जखमी होऊन पकडला गेला, तेव्हा कंपनी या पोराने आपल्याभोवती गोळा करायचा प्रयत्न केला. झेंडा टाक म्हणाले, तेव्हा जिवंत असेपर्यंत नाही म्हणाला, आणि नंतर जिवंत राहिला नाही. दुसरा वॉल्श, त्याच्या झेंड्याची काठी तोफगोळ्याने तुटली, तो जखमी होऊन पकडला गेला. त्याच्या हातून राजाचा झेंडा घेतला लेफ्टनंट लॅथमने. तलवारीच्या घावाने त्याच्या नाकाचा आणि गालाचा भाग गेला, मग एक हात गेला. उरलेल्या हाताने त्याने कापड काठीवरून फाडून कोटात कोंबलं आणि त्यावर पडून राहिला. तो जगला.

थॉमसला पुरलं कसं, तेही त्याच्या कप्तानाच्या पत्रात आहे. लढाईत उतरताना कंपनीत 63 माणसं होती. उरले दोघे, एक सार्जंट आणि एक शिपाई. त्यांनीच त्याला जमेल तेवढ्या काळजीने माती दिली.

मी इथे थांबलो. सवय आहे, इथे सभागृह गप्प होतं. पहिल्या रांगेतले एक सुभेदार उठले. आवाज चढलेला नव्हता, उलट फार अदबशीर.

"सर, त्या सार्जंटाचं नाव काय?"

मी म्हणालो, पत्रात दिलेलं नाही.

"शिपायाचं?"

तेही नाही.

"मग सर, त्या पोरासाठी तुम्ही एवढा गळा काढलात, त्याला पुरणाऱ्याचं नाव तुम्हाला विचारावंसं नाही वाटलं? माझ्या आज्याच्या आज्यानं असल्याच पोरांना सलाम ठोकले असतील. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली?"

आयोजकांनी घाईघाईने चहा जाहीर केला. सुभेदारांनी नंतर माझ्या हातात स्वतः कप आणून दिला, "वाईट वाटून घेऊ नका सर" असंही म्हणाले. मी वाईट वाटून घेतलं. परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडत होतो. माझं म्हणणं असं की माझ्या अभ्यासाचं कारणच नेमकं हे आहे. लढाईनंतर सेनापतीचा खलिता लंडन गॅझेटमध्ये छापून येई. त्यासोबत मेल्या-जखमींची यादी असे. अधिकारी नावानिशी, बाकीचे आकड्यात: सार्जंट इतके, शिपाई इतके. ज्या ओळीपर्यंत नाव असतं आणि जिच्याखाली फक्त आकडा सुरू होतो, त्या ओळीवर एन्साइन उभा आहे. त्याच्या खांद्याला खांदा लावून, झेंड्याचं रक्षण करायला उभे असलेले सार्जंट त्याच धुरात, त्याच भाल्यांनी मेले. पण ते रेघेच्या खाली. हे मला त्या चहाच्या वेळी बोलता आलं नाही. बोललो असतो तरी सुभेदार म्हणाले असते, "मग रेघेच्या वरच का थांबता, सर?"

त्याच लढाईत एका सार्जंटचं नाव टिकलं आहे, हे मला बसमध्येच आठवलं. सातव्या फ्युझिलिअर्स पलटणीचा गफ. बफ्सचा शत्रूने पळवलेला रेजिमेंटचा झेंडा त्याने परत मिळवला. बक्षीस काय मिळालं? एन्साइनचं पद. रेघेच्या वर उचलून घेतला. याला माझ्या बाजूचा पुरावा म्हणू की सुभेदारांच्या, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आता लॅथमचं. "यात आपलं काय?" विचारणाऱ्यांसाठी हे मुद्दाम राखून ठेवलं होतं. कावसजी नावाचा मराठा बैलवाला 1792 च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि हात कापला. पुढे पुण्याजवळच्या, विटा-मडकी घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. 1794 साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ते छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने वर्षानुवर्षं मुडद्यांवर सराव केला आणि 1814 पासून जिवंत माणसांवर तशीच नाकं बसवली. 1816 मध्ये त्याने दोन यशस्वी शस्त्रक्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यातला दुसरा रोगी अल्बुएराचा लॅथम, आता कॅप्टन झालेला. एन्साइनच्या हातातला झेंडा वाचवताना गेलेलं नाक पुण्याच्या पद्धतीने परत आलं. लॅथमचं नाव आहे, कार्प्यूचं आहे, आपल्या कावसजीचंही आहे. ज्याच्या हातात ती कला होती त्याचा मॅगझिनमधल्या त्या हकिगतीत उल्लेख फक्त जातीने आहे.

बाकी इतिहास तुम्हाला कुठेही मिळेल. 1871 मध्ये पदांची विक्री बंद झाली, एन्साइन आणि कॉर्नेट ही पदं गेली आणि थोड्या वर्षांत त्या जागी सेकंड लेफ्टनंट आला. झेंडे लढाईत नेण्याची इंग्रजांची शेवटची वेळ 1881, दक्षिण आफ्रिकेत लेइंग्ज नेकला. झेंडा गेला तरी सगळ्यांच्या पुढे चालायचं काम त्याच पोराकडे राहिलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी शिपायांपेक्षा जास्त प्रमाणात मेले, ते यांच्यामुळेच. रशियात याच पायरीला प्रापोर्शिक म्हणत. तिथे महायुद्धात काही महिन्यांच्या घाईच्या शिक्षणानंतर शेतकऱ्यांची, शिक्षकांची पोरं तिथवर पोचली, आणि नोव्हेंबर 1917 मध्ये बोल्शेविकांनी क्रिलेंको नावाच्या प्रापोर्शिकला थेट सगळ्या सैन्याचा सरसेनापती केलं. आधीच्या सेनापतीला, दुखोनिनला, मोगिलेव्हच्या स्टेशनवर जमावाने मारलं. तरुणपणीच्या मला हे फार आवडायचं. शिडी उलटी करून दाखवली म्हणायचा. आता मला त्यात स्टेशनवरचा जमावच जास्त दिसतो, आणि यावरून आमच्या दोघांत अजून बोलाचाली चालू आहे.

तर का लागलोय मागे? सुभेदारांनी विचारलेल्या नावासाठी, असं आज म्हणेन. ते अगदीच अशक्य नाही. गॅझेट शिपायाचा आकडा छापत असे, पण पगार आकड्याला देता येत नाही. पलटणींच्या हजेरी-पगाराची पत्रकं लंडनजवळ क्यूच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यात प्रत्येक शिपायाचं नाव असतं. मे 1811 नंतर त्या कंपनीत कुणाकुणाचा पगार निघाला ते पाहायचं. माझी भाची लंडनात असते. तिच्या मागे लागलोय. ती सुट्टी काढेन म्हणते आणि काढत नाही. नावं मिळाली की पहिला फोन सुभेदारांना. ते काय म्हणतील हे मला आत्ताच माहीत आहे.

"छान झालं, सर. आता पुण्याच्या त्या कुंभाराचं सांगा."