मशीनमधून नको, हाताने तपासा

गेल्या महिन्यात आईला घेऊन वेस्ट कोस्टला बहिणीकडे गेले. आई भारतातून सहा महिन्यांसाठी आलीय, गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, त्यात सहा तासांचं फ्लाइट, म्हणून कधीपासून साठवून ठेवलेले माइल्स एकदाचे मोडले आणि दोघींचं बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. त्यामुळे पहिल्यांदाच काचेच्या दाराआडच्या त्या प्रीमियम चेक-इनला जायला मिळालं. आणि छान असतं ते, खरंच. बसायला खुर्च्या, बॅगा उचलायला माणूस, आणि काउंटरवरची मुलगी आईशी बोलताना आईकडे बघून बोलत होती, मला फार बरं वाटलं कारण एरवी म्हातारं माणूस सोबत असलं की सगळे त्याच्याबद्दलचं शेजारच्यालाच विचारतात. पास हातात पडले, मग एक एजंट आम्हाला बाजूच्या वाटेने थेट सिक्युरिटीच्या लाइनच्या तोंडाशी घेऊन गेला. बाहेर ही गर्दी, आणि आम्ही पाच मिनिटांत ट्रेसमोर.

तिथे ते मशीन होतं, बॉडी स्कॅनर. काचेची गोल खोली, खाली पावलांचे ठसे, त्यावर उभं राहायचं आणि हात वर करायचे. आणि मी नेहमी म्हणते तेच म्हटलं, आय ऑप्ट आऊट.

म्हणजे काय ते आधी सांगते, कारण अमेरिकेत वीस वर्षं राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनाही हे माहीत नसतं. इथल्या एअरपोर्टवर टीएसएच्या, म्हणजे सरकारी सुरक्षा खात्याच्या, तपासणीत बॉडी स्कॅनरमधून जायला तुम्ही नाही म्हणू शकता. मग त्याऐवजी हाताने तपासणी होते, पॅट-डाऊन म्हणतात ती. बाईची तपासणी बाई अधिकारीच करते, पुरुषाची पुरुष. कारण सांगावं लागत नाही. फक्त एक, नाही म्हटलं म्हणजे त्याऐवजी मला साध्या मेटल डिटेक्टरमधून सोडा असं चालत नाही, पॅट-डाऊनच होतो. आणि ज्यांच्या बोर्डिंग पासवर जादा तपासणीचा एसएसएसएस शिक्का येतो अशा काही लोकांना स्कॅनर सक्तीचा करता येतो, तशी तरतूद डिसेंबर 2015 मध्ये त्यांनी केली. बाकी सगळ्यांना हक्क आहे.

मी हे 2010 पासून करतेय. त्याच्या आदल्या वर्षीच्या नाताळात डेट्रॉइटला उतरणाऱ्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात लपवून स्फोटकं आणली होती, ती मेटल डिटेक्टरला सापडणं शक्यच नव्हतं, आणि त्यानंतर ही मशीन्स भराभर सगळीकडे बसली. तेव्हा दोन प्रकार होते. एक एक्स-रेवाला, बॅकस्कॅटर, आणि दुसरा मिलिमीटर वेव्हवाला. आणि त्यातून जी आकृती निघायची ती अगदी अंगाची असायची, कपड्यांखालच्या अंगाची, ती वेगळ्या खोलीत बसलेला एक अधिकारी बघायचा. तो तुम्हाला बघतोय, तुम्ही त्याला बघू शकत नाही. मला ते तेव्हाही सहन झालं नव्हतं. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, 24 नोव्हेंबरला, लोकांनी देशभर ऑप्ट-आऊट डे पाळायचं आवाहनही केलं होतं. पुढे संसदेने कायदाच केला की अंगाची आकृती दिसता कामा नये, एक्स-रेवाल्यांना ते सॉफ्टवेअर जमलं नाही आणि 2013 च्या मे अखेरपर्यंत ती मशीन्स एअरपोर्टवरून गेली. आता जी आहेत ती मिलिमीटर वेव्हची, पडद्यावर सगळ्यांसाठी एकच साधी बाहुलीसारखी आकृती दिसते आणि जिथे काही संशय वाटला तिथे पिवळा चौकोन.

मग आता का नाही म्हणतेस, असं नवरा दर वेळी विचारतो. रेडिएशनची भीती म्हणून नाही. मिलिमीटर वेव्हमध्ये एक्स-रे नसतातच, आणि विमान इतक्या उंचीवर गेलं की वरून जे काही अंगावर येतं ते जुन्या एक्स-रे मशीनपेक्षाही कितीतरी जास्त, तेव्हा त्या कारणाने कुणी घाबरू नये. मला ते हात वर करून उभं राहणं नको असतं. मशीन मला काही विचारत नाही. तपासणारी बाई विचारते, कुठे दुखतंय का, अंगावर काही मेडिकल वस्तू आहे का, आडोशाला खोलीत जाऊन करू का, आता पाठीवरून हात फिरवते, आता कमरेच्या पट्टीतून बोट फिरवते, असं एकेक सांगून मग करते, नाजूक जागी सहसा तळहात नाही, हाताची मागची बाजू. हे अनेकांना मशीनपेक्षा जास्त अवघड वाटतं, समजू शकते मी. मला उलटं वाटतं. समोर माणूस आहे, मी थांबा म्हणू शकते.

तर त्या दिवशी. मी ऑप्ट आऊट म्हटल्याबरोबर आमचा एजंट चपापला, मॅडम मग वेळ लागेल म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. एअरलाइनची हद्द तिथपर्यंतच असते, लाइन एअरलाइनची, तपासणी सरकारची. बाई अधिकारी मोकळी होईपर्यंत मी बाजूच्या फाटकाशी उभी. चौदा मिनिटं. आमच्यानंतर साध्या लाइनमधून आलेले कितीतरी जण बूट न काढता (2025 च्या जुलैपासून बूट काढायचं बंद झालंय ना) आरामात पुढे निघून गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मी तेवढा वेळ धरूनच निघते. माझं लक्ष पर्सवर होतं, तिच्यात आईचा पासपोर्ट आणि गोळ्या, आणि ती पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला एकटी पडलेली. म्हणून ऑप्ट आऊट करणार असाल तर आपला ट्रे लगेच ढकलू नका, आधी सांगा, मग ढकला, आणि पलीकडे गेल्यावर सामान दिसेल अशा जागी उभं करा म्हणून सांगा, करतात.

आई मात्र मशीनमध्ये गेली. मी बाजूला उभी राहून बघत होते. सुती साडी, पदराला पिन, ठशांवर चपला नीट जुळवून उभी राहिली आणि हात वर केले. उजवा खांदा तिचा पूर्ण वर जात नाही, गेली दोन वर्षं. तिने दात आवळून नेला वर. ज्यांना काही सेकंद हात वर धरून उभं राहता येत नाही त्यांना मशीनमध्ये जायची गरजच नसते, वेगळी तपासणी मागता येते, आणि हे मला माहीत होतं.

बाहेर आली तर पडद्यावर दोन पिवळे चौकोन, एक कमरेला आणि एक डोक्यामागे. निऱ्या आणि अंबाडा. मशीनला कापडाच्या आठ-दहा घड्या एकावर एक दिसल्या की ते अडखळतं, जाड केसांचंही तसंच, पगडी बांधणाऱ्या शीख लोकांच्या आणि काळ्या बायकांच्या केसांच्या तक्रारी तर इथे वर्षानुवर्षं आहेत. अधिकारी बाई चांगली होती, आईला विचारून विचारून तिने निऱ्यांवर हात फिरवला, मग अंबाडा चाचपला, मग हातमोजे बदलले. तेवढ्यात आईची एक निरी सुटली आणि ती सगळ्यांसमोर, एका हाताने पदर धरून, ती खोचत होती.

म्हणजे हाताने तपासणी दोघींची झाली. फरक इतकाच की माझी मी मागितली होती.

नंतर लाउंजमध्ये बसलो, चहा आणला, बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली,

"तू का नाही गेलीस गं त्यातून?"

"मला नाही आवडत आई. नको म्हटलं तर चालतं."

"चालतं? मग मला का नाही सांगितलंस?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. प्रीमियम चेक-इनला आम्हाला लाउंज कुठे, सूप किती वाजेपर्यंत, शॉवर हवा असेल तर कुणाला सांगायचं, सगळं सांगितलं होतं, हे कुणी सांगितलं नाही. पण त्यांचं सोडा. मी पंधरा वर्षं हा हक्क वापरतेय आणि माझ्या आईला त्या मशीनपर्यंत नेताना मी एक शब्द बोलले नाही. मला वाटलं तिला कशाला गोंधळात टाकायचं, पटकन होऊन जाईल. तिच्यासाठी मी ठरवून टाकलं. आणि ज्या गोष्टीचा मला राग येतो, की मशीन विचारत नाही, तेच मी केलं.

म्हणून हे लिहितेय. आईवडील येणार असतील तर घरीच, निघायच्या आदल्या दिवशी, मराठीत नीट सांगा की दोन रस्ते आहेत आणि दोन्हींत काय काय होतं. पेसमेकर, इन्सुलिन पंप असं काही असेल तर डॉक्टरांना आणि पंपाच्या कंपनीला आधी विचारा, काही कंपन्या स्कॅनरमधून पंप नेऊ नका असं स्वतःच सांगतात. टीएसए केअर्स म्हणून सोय आहे, प्रवासाच्या 72 तास आधी कळवलं तर मदतीला माणूस देतात. प्रीचेक (आधी नाव नोंदवून मिळणारी झटपट तपासणी) असेल तर बहुतेक वेळा साधा मेटल डिटेक्टरच लागतो, माझ्याकडे ते आहे, पण आईकडे नाही, आणि मी तिला एकटीला दुसऱ्या लाइनला सोडणार नव्हते. आणि हो, आयडी बघतात तिथे चेहऱ्याचा फोटो काढणारा कॅमेरा असतो, त्यालाही नको म्हणता येतं, पासपोर्ट बघून सोडतात.

परतीचं फ्लाइट पुढच्या आठवड्यात आहे, या वेळी साधं इकॉनॉमी. परवा रात्री जेवण झाल्यावर मी आईला सगळं सांगितलं, उभी राहून हात कुठे कुठे लावतात तेही तिच्या अंगावर करून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. खोलीत न्यायला सांगता येतं का विचारलं, मी हो म्हटलं, तू आत येशील का विचारलं, सोबत एक जण नेता येतं म्हटलं. मग म्हणाली, "तिथे गेल्यावर बघते मी माझं." थोड्या वेळाने आतून हाक मारून म्हणाली, पण साडीच नेसणार हं, ड्रेस नको काढून ठेवूस.