बाजलं उचलून चालणारा माणूस

आमच्याकडं सांगली-मिरज भागात एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर, विजेच्या खांबांवर, रिक्षाच्या मागं एक जाहिरात हमखास चिकटवलेली असते, ‘दारू सोडवा, पेशंटच्या नकळत’, आणि खाली मोबाईल नंबर. चहात नाहीतर आमटीत पावडर कालवायची, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही, झालं काम. पिणाऱ्याच्या घरात हा नंबर कुणी ना कुणी टिपून ठेवलेला असतोच. आमच्या आत्यानं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिला होता, दुधाच्या हिशोबाखाली.

मी पिणाऱ्यातलाच, आता न पिणाऱ्यातला. तर ती जाहिरात दिसली की मला बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय आठवतो. यरुशलेमात मेंढरे दरवाजाजवळ बेथेस्दा नावाचं तळं, त्याला पाच पडव्या आणि पडव्यांत आंधळे, लंगडे, लुळे असे सगळे पडलेले. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होणार असा तिथला समज. (तळं खरंच होतं बरं का, जमीन उकरल्यावर शेजारीशेजारी दोन टाक्या सापडल्या, चार बाजूंना चार पडव्या आणि मधल्या बांधावर पाचवी.) हे डोळ्यापुढं आणायला मिरजकराला फार डोकं चालवावं लागत नाही. १८९४ साली वॉनलेस साहेबांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून आमचं गाव दवाखान्यांचं, कर्नाटकातनं, कोकणातनं माणसं येतात आणि व्हरांड्यात सतरंजी टाकून, शेजारी डबा आणि एक्स-रेची पिशवी ठेवून आपल्या नंबराची वाट बघत पडतात.

त्या पडवीत ३८ वर्षं आजारी असलेला एक माणूस. येशू त्याच्याजवळ जातो आणि विचारतो, तुला बरं व्हायचंय का?

आता हा काय प्रश्न झाला का, असं मला आधी वाटायचं, ३८ वर्षं पडलेल्या माणसाला कोण असं विचारतं. पण त्या माणसाचं उत्तर बघा. तो ‘हो’ म्हणतच नाही! तो म्हणतो साहेब, पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात सोडायला माझं कुणी माणूस नाही, मी जाईपर्यंत दुसराच माझ्याआधी उतरतो. हे वाचताना मला हसूच येतं, कारण कुठल्याही पिणाऱ्याला सोडायचीय का विचारून बघा, तो हो किंवा नाही कधी सांगत नाही, तो सांगतो की भाऊबंदकी कशी चाललीय, उसाचं बिल कसं थकलंय, साहेब कसा डोक्यावर बसतो आणि बायकोला तर काही कळतच नाही. सगळं खरं असतं त्यातलं, खोटं काही नसतं, फक्त विचारलेल्याचं उत्तर तेवढं राहून जातं.

येशू त्याच्याशी वाद घालत नाही, तुझा माणूस का नाही, तू ३८ वर्षं काय केलंस, काही नाही. ऊठ, आपली बाज उचल आणि चालू लाग. पण विचारलं आधी, हे महत्त्वाचं. नकळत काही केलं नाही.

आणि बाज का उचलायला लावली? ह्यावर मी लई विचार केलाय. तिथली म्हणजे साधी अंथरुणासारखी असेल, पण मला दिसतं ते आमच्या मळ्यातलं बाजलं, बाभळीचे ठोकळ्यासारखे पाय, मधनं झोळ पडलेला, पायतीची सुतळी दर उन्हाळ्यात ओढून ताणायची तरी महिन्याभरात परत पाळणा होणारा. असलं बाजलं एकट्यानं न्यायचं म्हणजे उलटं करून डोक्यावर घ्यायचं, चारी पाय आभाळाकडं, दारातनं काढताना हमखास एक पाय चौकटीला अडकतो, मग तिरकं करा, मागं या, आणि गल्लीतनं निघालात की सगळी गल्ली बघते. लपवून नेता येत नाही. मला वाटतं म्हणूनच उचलायला लावलं असणार. तिथंच टाकून गेला असता तर संध्याकाळी पाय दुखले की परत येऊन पडायला जागा तयारच होती की.

मार्कच्या शुभवर्तमानात दुसरी एक बाज आहे, पक्षाघात झालेल्याची, ती चौघं जण उचलून आणतात आणि गर्दीमुळं दारातनं शिरता येईना म्हणून छप्पर उसकटून वरनं खाली सोडतात. लूकमध्ये कौलं काढून सोडतात असं आहे. आमच्या जत-आटपाडीकडची जुनी धाब्याची घरं ज्यांनी बघितलीत त्यांना मार्कचं पटकन पटेल, माती उकरली की खाली काटक्याच. घरमालकाचं काय झालं हे कुणीच लिहिलं नाही. गुत्त्यावरनं मलाही चौघांनी उचलून घरी आणून टाकलंय, पण हे चौघं वेगळे. असले चौघं मला एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ह्या दारू सोडणाऱ्यांच्या मंडळाच्या, मीटिंगमध्ये भेटले. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले त्यातनं हे सुरू झालं आणि सुरुवातीची ती मंडळी डोंगरावरचं प्रवचन आणि याकोबाचं पत्र पुन्हापुन्हा वाचायची. याकोबात पाचव्या अध्यायात आहे की तुम्ही निरोगी व्हावं म्हणून आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. आपण चर्चमध्ये हे वाचतो आणि शेजारच्याला फक्त ‘सलाम’ म्हणून घरी येतो. मीटिंगमध्ये मात्र खरंच करतात. तिथं जैन आहेत, मुसलमान आहेत, माळकरी आहेत, देव ज्याला जसा समजला तसा. साताऱ्यात टिळकांनी, म्हणजे आपल्या ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, १९१७ साली ‘देवाचा दरबार’ नावाचं ख्रिस्तभक्तांचं मंडळ काढलं त्यातही बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले दोन्ही होते, तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी ह्यावर फार काळजी करायचं कारण नाही.

पुढची गोष्ट चर्चमध्ये फारशी कुणी सांगत नाही. तो दिवस शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांचा काम बंद ठेवायचा दिवस होता. ३८ वर्षांचा आजारी माणूस चालत येतोय आणि लोक काय म्हणतात, तर आज शब्बाथ, बाज उचलायला परवानगी नाही! अभिनंदन कुणी करत नाही. हे अगदी आमच्या गल्लीतलं वाटतं. दारू सोडली तर लग्नात पाहुणे म्हणतात आता एवढं काय, थोडी घे की, आणि बँकेत जामीन मागायला गेलं की तेच म्हणतात, तुमचं सगळ्यांना माहीत आहे.

नंतर येशू त्याला मंदिरात गाठून सांगतो, बरा झालास, आता पाप करू नकोस, नाहीतर ह्याहून वाईट होईल. एएच्या जुन्या मेंबरांना स्लिपबद्दल, म्हणजे सोडून परत पिण्याबद्दल, विचारा, अगदी हेच सांगतील.

आणि तो गडी काय करतो, थेट जाऊन अधिकाऱ्यांना सांगतो की मला बरं करणारा तो येशू. काही जण त्याला चुगलखोर ठरवतात. मला नाही पटत. नवानवा बरा झालेला माणूस तोंड बंद ठेवूच शकत नाही हो, भेटेल त्याला सांगत सुटतो, मीही पहिल्या वर्षी दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना एएच्या बारा पायऱ्या ऐकवल्यात. शेवटी ही म्हणाली, अहो, पीत होता तेव्हा निदान आठला झोपत तरी होता.