सर्व्हरवरचे दोन पायथन

२०१९ च्या मे महिन्यातील ती दुपार मी विसरलेलो नाही. नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सर्व्हरचे काम पाहत होतो; बाहेर नवतपा सुरू होता आणि कूलरच्या टाकीत सारखे पाणी भरावे लागत होते. सर्व्हर एकच, सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर चालणारा, आणि सगळ्या विभागांची खाती त्याच्यावरच.

एका शोधछात्रेला पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.७ ही नवी आवृत्ती हवी होती; सर्व्हरवर जुनी २.७ होती. नवी मी वेगळ्या फोल्डरमध्ये बसवून दिली होती, परंतु "दादा, नुसते पायथन लिहिले की नवे सुरू होईल, असे करून द्या ना," असा तिचा आग्रह होता. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपणारच आहे, असे स्वतःला समजावत मी रूटच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या सर्वोच्च, अधिकाराने 'पायथन' या नावाची सगळ्यांसाठीची लिंक २.७ वरून ३.७ कडे वळवली. काम अर्ध्या मिनिटाचे होते.

तासाभरात 'यम' बंद पडले. सेंटओएस ७ मध्ये पॅकेजे बसवणारा हा प्रोग्राम स्वतःच पायथन २ मध्ये लिहिलेला असून त्याच नावाने पायथनला बोलावतो. त्यातील चुका हाताळणाऱ्या 'एक्सेप्ट'च्या ओळीतला एक स्वल्पविराम नव्या आवृत्तीला खपला नाही आणि पडद्यावर 'सिंटॅक्स एरर' आली. ही चूक निदान दिसली तरी.

खरा घोळ स्थापत्य विभागातील एका ज्येष्ठ सरांच्या जुन्या प्रोग्राममध्ये झाला. पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या 'प्रिंट'च्या ओळींवर तो अडला, तेव्हा पायथन ३ ला तिथे लागणारे कंस एका विद्यार्थ्याने सेवाभावाने सगळीकडे घातले आणि तो चालू लागला. सर मात्र आलेख घेऊन माझ्याकडे आले. पावसाच्या नोंदी दहा-दहा मिलिमीटरच्या गटांत टाकण्यासाठी त्यांनी आकड्याला दहाने भागून पुन्हा दहाने गुणले होते. पायथन २ मध्ये पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळतो, त्यामुळे ४७ ची नोंद ४० च्या गटात जाई. पायथन ३ मध्ये ४.७ येऊन गुणाकारानंतर ४७ च परत मिळत होते. सात स्तंभांच्या जागी आलेखात काड्यांचे कुंपण उभे राहिले होते, आणि एररची एक ओळही कुठे नव्हती.

मी लिंक पूर्ववत केली, विद्यार्थ्याने घातलेले कंस काढले आणि त्याच संध्याकाळी एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स बसवले. प्रत्येकाला आपल्यापुरती आवृत्ती निवडू देणारे हे साधन १९९१ पासूनचे आहे, आणि माझ्यासारख्याने ते आधीच बसवायला हवे होते. 'मॉड्यूल लोड' दिल्यावर केवळ त्या व्यक्तीच्या त्या सत्रातील 'पाथ' (प्रोग्राम कोणत्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) बदलतो, बाकीच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. शोधछात्रेच्या लॉगिन फाइलमध्ये ती एक ओळ घातली, आणि तिला नुसते पायथन लिहून ३.७ मिळू लागले.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्यासमोर प्रोग्राम चालवला, पडद्यावरचे स्तंभ बोटाने मोजले, सात भरल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, "आता पुन्हा हात लावू नका."